कागदावर ३७०, काट्यावर ५३०

गरम पाण्यात बसायचा हॉट टब, सहा जणांचा. २.१ मीटर बाय २.१ मीटर, उंची ९० सेंटिमीटर, बरीच वर्षं वापरातला. मागच्या अंगणातून उचलून तो पहिल्या मजल्यावरच्या गच्चीत न्यायचा होता. माहितीपत्रकात रिकामं वजन ३७० किलो आणि पाणी १४०० लिटर छापलेलं. मालकांचा पहिला प्रश्न होता, "पावणेचारशे किलो उचलायला किती माणसं लागतील?"

माणसांचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. ३७० हा आकडा टब कारखान्यातून बाहेर पडतो त्या वेळचा. उचलताना, भरल्यावर आणि लोक आत बसल्यावर, अशी त्याच टबाची तीन वेगळी वजनं होतात आणि तिन्हींचं नियोजन वेगळं असतं. आम्ही मालकांसमोर बेरीज मांडली: टब ३७०, पाणी १४००, ऐंशी किलोची सहा माणसं म्हणजे ४८०, झाकण ३०. एकूण २२८० किलो. टबाचा तळ ४.४१ चौरस मीटर, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ ५१७ किलो. राहत्या घराच्या खोल्यांचा मजला साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर एवढा वापराचा भार धरून बांधतात. आपण त्याच्या अडीचपट मागत होतो.

यावर दोन शंका हमखास येतात. त्या इथेही आल्या, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिली अशी की माणूस पाण्यात हलका होतो, मग त्याचं वजन कशाला धरायचं? माणूस हलका होतो खरा, पण पाणी त्याला जेवढं उचलून धरतं तेवढाच भार ते खाली तळावर टाकतं. माणूस आत उतरला की पातळी वर चढते, ती याचीच खूण. पाणी काठावरून सांडलं तरच तेवढं वजन कमी होतं, आणि सांडेपर्यंत टब भरावा असं कोणी सांगत नाही. माणसं पूर्ण वजनानिशीच धरायची.

दुसरी शंका जास्त घातक आहे. गच्ची ४ बाय ५ मीटर, म्हणजे २० चौरस मीटर. गुणिले २०० म्हणजे ४००० किलो. टब २२८० चा, मग अडचण कुठे? अडचण अशी की स्लॅब सरासरी पाहत नाही. दोन टोकांना टेकलेल्या तुळईच्या मधोमध एका जागी ठेवलेलं वजन तिच्यावर तेवढ्याच पसरलेल्या वजनाच्या दुप्पट वाकवणारा जोर टाकतं. टब अगदी एका बिंदूवर उभा नसतो, त्यामुळे पूर्ण दुप्पट होत नाही, पण भार गच्चीच्या थोड्याच पट्ट्यावर येतो आणि त्या पट्ट्यातल्या सळ्यांना तो एकट्याने पेलावा लागतो. शिवाय गच्चीत पार्टी चार तास चालते आणि लोक घरी जातात. टब वर्षानुवर्षं भरलेलाच असतो. सतत भाराखाली काँक्रीट हळूहळू वाकत राहतं आणि काही वर्षांत पहिल्या दिवशीच्या दोन-तीनपट खाली जाऊ शकतं. म्हणून पाण्याचं वजन आम्ही येण्याजाण्याच्या भारात कधीच टाकत नाही, कायमच्या भारात धरतो.

"पण अंगणात तर इतकी वर्षं काही झालं नाही," असंही विचारलं गेलं. अंगणातलं गणित वेगळं असतं. अर्धा टन प्रति चौरस मीटर हा भार चांगल्या जमिनीला काहीच वाटत नाही, मऊ चिकणमातीही त्याच्या कितीतरी पट पेलते. तिथे धोका असमान खचण्याचा. घराच्या पायाशेजारी खणून पुन्हा भरलेली माती असेल तर टबाचा एक कोपरा भरावावर आणि तीन मूळ जमिनीवर येतात, आणि वर्षभरात तो कोपरा बसतो. मग पाण्याची रेघ तिरकी दिसते, एका बाजूचं स्किमर, म्हणजे वरचं पाणी ओढून घेणारं तोंड, हवा ओढतं, पंप आवाज करतो, आणि कवचाला पीळ बसून सांधे गळायला लागतात. कोपऱ्याखाली लाकडाची चकती सारून टब सरळ करणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण मग सगळा भार पूर्ण तळावर न पसरता चार ठिकाणी येतो. दहा सेंटिमीटर दाबून बसवलेली खडी, त्यावर जाळी घातलेलं दहा सेंटिमीटर काँक्रीट, आणि भरण्याआधी अठ्ठावीस दिवसांचं क्युरिंग एवढं केलं की जमिनीवरचा विषय संपतो. या टबाखाली तसाच ओटा होता, म्हणून तो टिकला.

गच्चीवर मात्र स्लॅबला हातच लावायचा नाही असं ठरलं. जुने नकाशे पाहून स्ट्रक्चरल इंजिनिअरने बीम, कॉलम आणि पाया तपासला. ते पुरेसे होते, कमजोर कडी स्लॅबचीच होती. उपाय असा: समोरासमोरच्या दोन बीमवर २०० मिलिमीटर उंचीचे तीन लोखंडी गर्डर टाकायचे, ४ मीटर लांबीचे, ९० सेंटिमीटर अंतराने. खाली ग्राऊटवर, म्हणजे फट भरणाऱ्या सिमेंटच्या मसाल्यावर, बसवलेल्या पोलादी पट्ट्या, गर्डर आणि स्लॅब यांच्यात चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा. टबाचं वजन स्लॅबला न शिवता बीमवर आणि तिथून कॉलममध्ये उतरतं. हे गर्डर मीटरला साधारण २५ किलोचे, म्हणजे तिघांचे मिळून तीनशे किलो आणि वरच्या फळ्यांचे सव्वाशे. हेही बेरजेत धरायचं. ताकदीच्या हिशेबाने याहून लहान गर्डर चालले असते. मोठे घेतले ते ताठपणासाठी, कारण आधार लवचीक असेल तर पंप सुरू होताच खालच्या खोलीत घुमतो.

आता रस्ता. टब नेहमी कुशीवर उभा करून नेतात, म्हणजे त्याची ९० सेंटिमीटरची उंची ही रुंदी होते. घराच्या बाजूचा बोळ ११० सेंटिमीटरचा होता, सरळ जायला पुरेसा. पण पुढे काटकोनात वळण होतं, आणि वळणाचा नियम वेगळा आहे. दोन्हीकडे सारख्याच रुंदीचा बोळ असेल तर लांबीच्या निम्म्यात जाडी मिळवायची आणि १.४१ ने भागायचं: १.०५ अधिक ०.९०, भागिले १.४१, म्हणजे १३८ सेंटिमीटर. २८ सेंटिमीटर कमी पडत होते आणि हे टेपने पाच मिनिटांत कळलं. टब वळणावर अडकल्यावर कळलं असतं तर तो तिथेच उभा राहिला असता. मोजताना भिंत ते भिंत मोजून भागत नाही. गॅसचा मीटर, एसीचं बाहेरचं युनिट, पावसाच्या पाण्याचा पाइप आणि वर सज्जा, या सगळ्यांमधली सगळ्यात अरुंद जागा धरायची. उंचीत ढकलगाडीचे पंधरा सेंटिमीटर मिळवायचे.

म्हणून क्रेन. क्रेनचा नावातला आकडा बूम, म्हणजे तिचा लांब हात, अगदी जवळ असतानाचा असतो. २५ टनांची क्रेन वीस मीटर लांब पसरली की दोन-तीन टनांवर येते, यंत्रागणिक त्याहूनही कमी. आपल्या अंतराला किती झेपतं हे तिच्या लोड चार्टमध्येच पाहावं लागतं. क्रेनच्या पायांखाली जाड फळ्या घातल्या, आणि त्या जागेखाली गटार किंवा टाकी नाही याची आधी खात्री करून घेतली. पट्टे थेट एका हुकाला अडकवले तर ते आत ओढतात. पट्टा जमिनीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर प्रत्येकी पूर्ण वजनाएवढा ताण येतो, आणि ३७० किलोच्या टबाचा काठ सुमारे ३२० किलोने आत दाबला जातो. ॲक्रिलिकला तेवढ्यात तडा जाऊ शकतो. त्यामुळे टबापेक्षा लांब, २.४ मीटरचा स्प्रेडर, म्हणजे पट्टे अडकवायची आडवी दांडी, वापरला, म्हणजे पट्टे सरळ खाली येतात.

उचलायच्या दिवशी इलेक्ट्रिशियनने वीज तोडली आणि केबल सोडवली. पाणी आदल्या दिवशीच काढलं होतं, तरी बैठकींच्या खळग्यांत, तळात आणि पाइपांत ते उरतंच. एक चौरस मीटर तळावर तीन सेंटिमीटर पाणी राहिलं तर तेच ३० किलो, आणि टब कलला की ते एका कोपऱ्यात धावतं. व्हॅक्यूमने ते ओढून घेतलं, जेटमधून, म्हणजे पाण्याचे झोत सोडणाऱ्या तोंडांतून, हवा मारून पाइप मोकळे केले, झाकण वेगळं काढून ठेवलं, कारण वाऱ्यात ते शिडासारखं फुगतं. हुक आणि स्प्रेडर यांच्यामध्ये दोन टनांचा डिजिटल काटा लटकवला. एवढ्या कमी वजनाला क्रेनच्या स्वतःच्या पडद्यावर विसंबता येत नाही. स्प्रेडर आणि पट्ट्यांचं वजन शून्य करून घेतलं.

पहिली उचल नेहमी वीस सेंटिमीटरच असते. टब जमीन सोडून वर आला आणि काट्यावर आकडा स्थिरावला: ५३०. कागदापेक्षा १६० किलो जास्त. आकड्याइतकीच महत्त्वाची गोष्ट टब कसा लटकत होता ही होती. पंप, हीटर आणि कंट्रोल बॉक्स एका बाजूला असतात, त्यामुळे ती बाजू खाली झुकायला हवी. इथे तिच्या समोरचा कोपरा झुकला होता. त्या कोपऱ्यात यंत्र नाही, मोठी बैठक नाही, फक्त फोम आहे. तिथे वजन असायचं कारण एकच उरतं.

क्रेनला १६० किलो जास्त असल्याने काही फरक पडत नव्हता, चार्टवर भरपूर जागा होती. तरी टब खाली ठेवायला सांगितलं. गळता टब खोलीच्या डोक्यावर नेऊन ठेवणं हा भलताच प्रकार झाला असता, आणि वजनाचा तोल असा एका बाजूला गेलेला टब दोन मजले उंचीवर झुलवायचा नसतो.

त्या बाजूचं पॅनेल उघडलं. वरचा हात-दीड हात फोम कोरडा, पिवळसर, बोटाने दाबला तर कडक. खाली तो तपकिरी आणि मऊ होता, आणि सुरी घातली तशी चिरेतून पाण्याची धार आली. हा फोम नवा असताना फारसं पाणी शोषत नाही. पण कोमट पाण्यात वर्षं काढली की त्याच्या बंद पेशींत हळूहळू पाणी शिरतं आणि साठतं. गळती एका जेटच्या मागच्या गास्केटमधून होती, थेंब-थेंब. बाहेर थेंबही दिसला नाही याचं कारण तळाचं प्लॅस्टिकचं ताट: त्याला काठ असतो आणि ते पाणी धरून ठेवतं. पाणी अधूनमधून घालावं लागायचं, ते बाष्पीभवन म्हणून सोडून दिलं गेलं. ओळखायची सोपी रीत आहे. झाकण बंद ठेवून पातळीवर खूण करायची आणि दोन दिवस पाहायचं. साडेतीन चौरस मीटरच्या पृष्ठभागावर एक सेंटिमीटर उतरलं म्हणजे ३५ लिटर गेले, आणि बंद झाकणाखालून एवढं उडून जात नाही.

भिजलेला फोम करवतीने कापून काढला, ताटाला भोक पाडून पाणी सोडलं, गास्केट बदललं आणि शेजारच्या दोन जेटचीही बदलली, कारण ती त्याच वयाची होती. मग टब तिथेच अंगणात पूर्ण भरून पंप सुरू ठेवून चोवीस तास पाहिला. सांध्यांखाली कोरडा टिश्यू ठेवला की ओल लगेच दिसते. काढलेल्या फोमच्या जागी पुन्हा फोम फवारला नाही. काढता येणाऱ्या इन्सुलेशनच्या गाद्या बसवल्या. त्या किंचित कमी उष्णता राखतात, पण पुढची गळती दिसते, आणि गच्चीवर मला हे जास्त मोलाचं वाटतं.

दुसऱ्या उचलीला काटा ३९५ वर थांबला आणि टब पंपाच्या बाजूला झुकला, जसा झुकायला हवा तसा. स्प्रेडरची कडी एक घर सरकवून तो समतोल केला, दोन विरुद्ध कोपऱ्यांना दोर बांधून खालून वळण सांभाळलं. गर्डरवर टेकायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पंपाच्या दारापुढे ७५ सेंटिमीटर मोकळे सोडले. इथे कंजूषी केली तर पहिल्याच दुरुस्तीला अख्खा टब सरकवावा लागतो. विजेच्या जोडणीत ३० मिलिअँपिअरचं वीजगळती होताच प्रवाह तोडणारं ब्रेकर.

भरणं तीन टप्प्यांत. मधल्या गर्डरखाली, स्लॅबवर टेकवून, डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं उपकरण, लावला होता. पूर्ण पाण्याला हिशेबाने दीड मिलिमीटर वाक यायला हवा होता, प्रत्यक्षात १.३ आला. हिशेबापेक्षा बराच जास्त आला असता तर पट्ट्यांखालचं ग्राऊट पोकळ आहे असं धरून पाणी तिथेच थांबवायचं, असं आधी लिहून ठेवलं होतं.

एक गोष्ट मालकांना लिहून दिली. टब रिकामा करताना नळी थेट पावसाच्या पाइपात घालायची, गच्चीवर पाणी सोडायचं नाही. पन्हाळ पानांनी तुंबलं तर १४०० लिटर वीस चौरस मीटरवर सात सेंटिमीटर उंच साठतात. म्हणजे ७० किलो प्रति चौरस मीटर, आणि तेही ज्या स्लॅबला आपण मुद्दाम भारापासून दूर ठेवलं त्याच स्लॅबवर.