बरणी, बाकडं, वाट्या वगैरे

चिनी अ‍ॅक्रोबॅटिक्समधलं मला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर त्यांचं सामान. आपल्याकडे सर्कस म्हटलं की झोके, जाळी, मौत का कुआँ, पूर्वी वाघसिंहसुद्धा, म्हणजे कुणाच्याच घरात नसलेल्या गोष्टी. आणि ही चिनी मंडळी स्टेजवर काय घेऊन येतात, तर बशी. वाटी. छत्री. खुर्ची. लोणचं नाहीतर दारू साठवायची मातीची भलीमोठी बरणी.

याला कारण आहे, आणि ते काही फार आर्टिस्टिक वगैरे नाहीये. उत्तर चीनमधल्या हेबै प्रांतात वूछ्याओ नावाचा एक तालुका आहे, तिथली जमीन खारवट, कधी पूर कधी दुष्काळ, शेतीवर भागायचं नाही, मग लोक घराबाहेर पडायचे, गावोगावी जाऊन रिंगण आखायचे आणि जे हाताशी आहे त्याचे खेळ करायचे. हाताशी काय असणार, घरातलंच की. त्या भागात अशा अर्थाची म्हणच आहे की नव्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्यापासून ते नुकत्याच चालायला लागलेल्या पोरापर्यंत वूछ्याओत प्रत्येकाला काही ना काही करामत येते. 1958 मध्ये तिथे सहाव्या शतकातलं एक थडगं सापडलं, त्याच्या भिंतीवरच्या चित्रात माणूस हातांवर उलटा उभा आहे, म्हणजे हा उद्योग चांगला चौदाशे वर्षं जुना.

तर बरणी. माझी फेव्हरेट. कलाकार ती वर फेकतो आणि डोक्यावर झेलतो, आणि पहिल्यांदा बघताना आपलीच मान आखडते. नीट बघितलं की कळतं की तो बरणीला थांबवतच नाही, ती खाली यायला लागली की हासुद्धा तिच्याबरोबर गुडघ्यांत वाकून खाली जातो, त्यामुळे धक्का बसायच्या आधीच बराचसा विरून जातो. मग ती काठावर तिरकी उभी राहते, गोल फिरते, मानेवरून घरंगळते, परत वर. चेहऱ्यावर मात्र असा भाव की हे काय, रोजचंच आहे.

बशांचं गणित वेगळं. बांबूची लवचिक काठी, बशीच्या बुडाला कडा, त्या कडेत काठीचं टोक अडकवून मनगटाने छोटे छोटे गोल. एकदा वेग आला की बशी स्वतःच स्वतःला तोलून धरते, भोवऱ्याचाच नियम. माझ्या भाचीने ऑनलाइन प्लास्टिकच्या शिकाऊ बशा मागवल्या, त्यांना मध्ये चांगला खोल खड्डा असतो त्यामुळे एका संध्याकाळीच जमल्या तिला, मग तिची नजर स्टीलच्या ताटांकडे गेली आणि आमच्या आईने स्वयंपाकघराचं दारच लावून घेतलं.

वाट्यांवरून श्या च्यूह्वा ही चिनी कलाकार आठवते. 1937 चा जन्म, लहानपणापासून फिरत्या खेळांत वाढलेली, डोक्यावर वाट्यांचा मनोरा घेऊन हातांवर उलटी उभी राहायची. 1957 मध्ये मॉस्कोच्या युवक महोत्सवात याच खेळाला सुवर्णपदक मिळालं, पुढे लोक तिला अ‍ॅक्रोबॅटिक्सची महाराणी म्हणायला लागले. एकेकाळी रस्त्यावर खेळ करणाऱ्यांना चीनमध्ये कुणी विचारत नव्हतं, अगदी आपल्याकडच्या डोंबाऱ्यांसारखंच, टाळ्या वाजवायच्या, नाणं टाकायचं आणि पुढे चालायला लागायचं. 1950 नंतर सरकारी मंडळ्या निघाल्या, पगार सुरू झाले, परदेश दौरे झाले. आपल्या डोंबाऱ्यांसाठी असं काही झालं नाही, आणि मला हे दरवेळी खटकतं.

बरं, हे घरगुती सामानाचं वेड मारामारीतही आहे. दक्षिण चीनमधल्या हुंग गार, चॉय ली फुट या कुंग फूच्या शैलींमध्ये चक्क बाकड्याचा सराव शिकवतात, ते लांब लाकडी बाकडं असतं ना, तेच. चॉय ली फुटमध्ये तर कुदळसुद्धा आहे. शेतात किंवा हॉटेलात बसलेल्या माणसावर कुणी चालून आलं तर तो तलवार कुठून आणणार? जॅकी चॅन शिडी, खुर्ची, जे सापडेल ते घेऊन भांडतो ते बघून आपण हसतो, पण तो लहानपणी हाँगकाँगमध्ये पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे गाणं, अभिनय आणि कोलांट्या सगळं एकत्र असलेल्या चिनी नाटकाच्या, कडक शाळेत शिकलेला गडी आहे, गंमत दिसते तिच्यामागे रग्गड मार खाऊन केलेला सराव आहे.

हल्ली मोठ्या थिएटरांत लाइट, स्क्रीन, स्टोरी असं सगळं आलंय. ग्वांगडाँगच्या एका जोडीने तर बॅले आणला, ती बाई पुरुषाच्या खांद्यावर आणि डोक्यावर एका पायाच्या बोटांच्या टोकावर उभी राहते, 2002 मध्ये मोंटे कार्लोच्या सर्कस महोत्सवात त्यांना गोल्डन क्लाउन हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. अवघड आहे, प्रश्नच नाही. पण सुंदर दिसतं म्हणून भीती कमी वाटते, निदान मला. तेच खुर्चीवर खुर्ची, त्यावर अजून खुर्ची, असं सुरू झालं की माझ्या पोटात गोळा, कारण आपली खुर्ची पंखा पुसतानासुद्धा किती डुगडुगते ते मला माहितीये.

वूछ्याओत आता अ‍ॅक्रोबॅटिक्सची शाळा आहे. कंबर, पाय, कोलांट्या आणि हातांवर उभं राहणं, या चार गोष्टी आधी, बाकीचं सामान मग. चिनी आईबाप हल्ली पोरांना तिकडे पाठवायला फारसे राजी नसतात, पण इथिओपिया, टांझानियाहून मुलं येऊन शिकून जातात. मला उत्सुकता अशी की ही पोरं आपापल्या देशात गेल्यावर पाठीवर झोपून पायांवर फिरवायला काय घेत असतील. इथिओपियात इंजेरा, म्हणजे त्यांचा डोशासारखा प्रकार, भाजायचा मातीचा तवा असतो, मिताद म्हणतात त्याला, चांगला मोठा, गोल आणि जड. कुणीतरी ट्राय केलाच असेल की!