शुक्रवारपर्यंत

बुधवार, रात्री

सकाळी एका सहकारी बाईंना इंग्रजीत मेल लिहिला. मनात वाक्य होतं, 'मसुदा शुक्रवारपर्यंत पाठवते.' लिहिलं, 'आय विल सेंड द ड्राफ्ट अंटिल फ्रायडे.' त्यांनी विचारलं, "म्हणजे रोज थोडा थोडा येणार का?" तिथे 'बाय फ्रायडे' हवं होतं. 'बाय' आणि 'अंटिल' दोन्ही मला माहीत आहेत, तरी चुकलं, म्हणून दिवसभर तेच डोक्यात होतं.

'शुक्रवारपर्यंत थांबते' आणि 'शुक्रवारपर्यंत पाठवते'. थांबणं शुक्रवार येईतो सलग चालू राहतं. पाठवणं त्याआधी कधीतरी एकदा होऊन जातं. मराठीत हा फरक क्रियापद सांभाळतं, म्हणून 'पर्यंत' दोन्हीकडे चालतो आणि आपल्याला त्यात दोन अर्थ आहेत हे जाणवतच नाही. इंग्रजी मात्र तिथेच दोन शब्द मागते. शाळेत 'पर्यंत म्हणजे अंटिल' असं पाठ केलं होतं. त्या पाठांतराने अर्ध्या वाटेवर सोडलं, असं आज मनापासून वाटलं.

मग अशा जागा शोधतच बसले. 'झाडावर पक्षी', 'झाडावर आंबा'. आपल्याला दोन्ही 'वर'. इंग्रजीत फळ 'ऑन द ट्री', पण पक्षी बहुधा 'इन द ट्री', कारण तो फांद्यांच्या आत, पानांत बसलेला असतो. किती बारकाईने पाहिलंय! 'सकाळपासून' आणि 'दोन तासांपासून' यांचंही तसंच. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', मध्ये गेलेला काळ मोजायचा तर 'फॉर'. आपला 'पासून' दोन्ही पेलतो.

'त्याच्याशी लग्न झालं' यातल्या 'शी'मुळे कितीजण 'मॅरीड विथ' लिहितात. हवं असतं 'मॅरीड टू'. 'विषयावर चर्चा केली' म्हणताना 'डिस्कस'पुढे 'अबाउट' चिकटतो, तिथे तर काहीच नको.

पण 'शी'पाशीच मला फार आवडलेली गोष्ट सापडली. जुन्या इंग्रजीतही नामांना आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजत गेले, तसं त्यांचं बरंचसं काम नामाआधीच्या या छोट्या शब्दांवर आणि शब्दांच्या क्रमावर आलं. त्या काळी 'विथ'चा मुख्य अर्थ 'विरुद्ध' होता. 'सोबत'साठी 'मिड' हा वेगळा शब्द होता. 'विथस्टँड'मध्ये तो जुना विरोध अजून शिल्लक आहे. 'फाइट विथ'मध्येही. आणि आपण? 'मैत्रिणीशी बोलले', 'शत्रूशी लढले'. एकाच 'शी'त सलोखा आणि वैर! हे वाचल्यापासून 'विथ' परका वाटत नाही.

वहीची पद्धत आज बदलली. आतापर्यंत एका बाजूला मराठी अव्यय, दुसऱ्या बाजूला इंग्रजी अशी यादी होती. ती पानं तशीच ठेवली, पण पुढे भरणार नाही. नव्या पानावर अख्खी वाक्यं, क्रियापदासकट: 'डिपेंड ऑन', 'अफ्रेड ऑफ', 'गुड अ‍ॅट'. 'पर्यंत'ला मात्र पूर्ण पान दिलं. वर 'थांबते', खाली 'पाठवते', आणि मध्ये भरपूर जागा.

बाईंना दुरुस्त करून मेल पाठवला. मसुद्याची शेवटची दोन पानं राहिली आहेत, ती उद्या.