आधी बूड पाहा, शिक्का शेवटी

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यातून चिनी मातीची रकाबी विक्रीला निघाली की विकणारा आधी ती उलटी करतो आणि बुडावरची निळी अक्षरं दाखवतो. चीनच्या कांगशी बादशहाचा शिक्का! त्या अक्षरांवर पैसे मोजू नका. कांगशीची कारकीर्द १६६२ ते १७२२, पण त्याच्या नावाचा शिक्का एकोणिसाव्या शतकातही सर्रास मारला गेला, अनेकदा आदरापोटी. आजचे नकलाकारही तोच मारतात.

खरी साक्ष देते ती बुडाची कडी. वस्तू जिच्यावर टेकते त्या कडीला झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, नसते. जुनी कडी वापराने गुळगुळीत लागते. झिलई संपते तिथे पुष्कळदा बारीक तांबूस रेघ दिसते. मातीतल्या लोहामुळे ती भट्टीतच येते. नकलेत कडी चहाच्या पाण्याने किंवा पोटॅशियम परमँगनेटने रंगवतात. तो रंग रेघेपुरता न राहता कडीभर सारखा पसरलेला असतो.

मग दहापट भिंग लावा. चित्रात छपाईचे जाळीदार ठिपके दिसले तर जुनी हातरंगाई म्हणून घेऊ नका. जुन्या रकाबीवर ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले असतात. ते एकाच दिशेला असले तर बहुधा पॉलिश पेपर फिरलेला आहे. गुलाबी रंगाकडे नीट बघा. सोन्यापासून बनणारा हा रंग चिनी भांड्यांवर १७२०च्या आसपास आला, म्हणजे कांगशीच्या अगदी अखेरीस. भरगच्च गुलाबी फुलं आणि खाली कांगशीचा शिक्का, ही जोडी संशयाचीच.

डागडुजी पकडायला अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च मारा. नंतर भरलेला, रंगवलेला भाग बहुतेक वेळा वेगळा चमकतो.

आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग बसतात, म्हणून शेवटचं धुणं आरओच्या पाण्याने करा. प्लास्टिकच्या टबात तळाशी टॉवेल, कोमट पाणी, सौम्य साबण. सोनेरी नक्षीला ब्रश लावू नका. तडा काळपट दिसला तरी ब्लीच नकोच: त्यातले क्षार तड्यात राहतात, वाळताना फुगतात आणि झिलई उचलतात. भिंतीवर टांगायच्या स्प्रिंगच्या तारेने तडा वाढतो, काठाचे टवके उडतात. तडकलेली रकाबी लाकडी स्टँडवरच ठेवा.