केस पेपर वाचणारी वकिली : आमची वाटचाल

आमच्या ऑफिसची सुरुवात मोटार अपघाताच्या क्लेमपासून झाली. त्या कामात डिस्चार्ज कार्डावर न थांबता आतले केस पेपर मागवायची सवय लागली. ऑपरेशन नोट, एक्स-रे आणि अपंगत्वाचा दाखला समोरासमोर ठेवले की कुठे काय जुळत नाही ते दिसतं. पुढे पक्षकारच विचारू लागले, "साहेब, अपघाताचं राहू दे, दवाखान्यात जे झालं त्याचं काय?" हळूहळू वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणं हेच मुख्य काम झालं.

कायद्याची वाट आधीच मोकळी होती. 1995 साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात आणले. बिल विमा कंपनीने भरलं असलं तरी रुग्ण ग्राहकच. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात ते रुग्णालय मात्र या कायद्याबाहेर. तिथे दिवाणी दावा लावावा लागतो. आमच्या कोल्हापूर भागासाठी खरा फरक 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने पडला. तो 20 जुलै 2020 पासून लागू झाला आणि तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालू लागली. कागलचा माणूस मिरजेला अॅडमिट होतो, चंदगडचा बेळगावला जातो. आता दोघांनाही तक्रार कोल्हापुरातच लावता येते. आयोग कोणता, हे मागितलेल्या भरपाईवर नाही, तर उपचारापोटी दिलेल्या मोबदल्यावर ठरतं: 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. विलंब माफीचा अर्ज देता येतो, पण त्याच्या भरवशावर बसू नये.

आमचा निम्म्याहून जास्त वेळ कागद मिळवण्यात आणि वाचण्यात जातो. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागणी केली की 72 तासांत केस पेपरच्या प्रती द्यायच्या असतात, आणि आंतररुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे असतात. तोंडी मागितलं तर "उद्या या" हेच उत्तर मिळतं. म्हणून अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची आणि प्रत्येक कागद नावानिशी मागायचा: प्रवेशाच्या नोंदी, डॉक्टरांचा रोजचा शेरा, सिस्टरच्या नोंदी, औषधांचा तक्ता, लघवी-पाण्याचा तक्ता, भूल दिल्याचा तक्ता, संमतीपत्र, तपासण्यांचे रिपोर्ट. नुसतं "सगळे पेपर द्या" म्हटलं की डिस्चार्ज कार्ड आणि बिल हातात पडतं.

वाचायला सुरुवात सिस्टरच्या नोंदींपासून करावी. डॉक्टरांचा शेरा राउंडच्या वेळचा असतो. मधल्या तासांत पेशंटचं काय झालं ते सिस्टर लिहिते. त्यावरून तासवार तक्ता करायचा आणि त्याशेजारी मेडिकल दुकानाच्या पावत्या लावायच्या. रात्री दोनला इंजेक्शन दिल्याची नोंद असेल आणि पावती सकाळी सहाची असेल, तर ते औषध वॉर्डच्या साठ्यातलं होतं की नोंद मागाहून झाली, हा प्रश्न उभा राहतो. लॅबच्या रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ छापलेली असते, तीही पडताळायची. तीन पाळ्यांच्या नोंदी एकाच हाताने, एकाच पेनने, सलग लिहिलेल्या दिसल्या की मूळ केस पेपर आयोगात हजर करायला लावण्याचा अर्ज लगेच द्यावा. झेरॉक्सवर खाडाखोड पुसट दिसते.

आलेल्यांपैकी बरीचशी प्रकरणं आम्ही परत करतो. पेशंट दगावला म्हणजे डॉक्टर चुकलाच, असं नसतं. त्या शाखेतल्या साधारण कुशल डॉक्टरने तेव्हा काय केलं असतं, हे मोजमाप. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (2005) फौजदारी गुन्ह्यासाठी तर घोर निष्काळजीपणाच दाखवावा लागतो, आणि तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र डॉक्टरचं, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यायचं असतं. रागाच्या भरात पोलिसांत धावण्याचा सल्ला आम्ही देत नाही. भरपाई मिळवून देणं हे त्या फिर्यादीचं कामच नव्हे.

तज्ज्ञ डॉक्टरचं मत मिळवणं अवघड; एकाच गावातले डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहायला धजत नाहीत. आम्ही बाहेरच्या जिल्ह्यातल्या तज्ज्ञाकडे नावं झाकलेले कागद पाठवतो आणि तीन-चार नेमके प्रश्न विचारतो. व्ही. किशन राव निकालाने (2010) हेही सांगितलंय की प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञ लागतोच असं नाही. ऑपरेशनमध्ये पोटात राहिलेला मॉप (रक्त टिपायचं कापड) समजायला सर्जन कशाला हवा?

वृद्धाश्रम आणि केअर सेंटरची प्रकरणं अलीकडे वाढली. मुलं पुण्याला किंवा परदेशात, आईवडील महिन्याच्या पैशांवर केअर सेंटरमध्ये. इथे बेडसोअर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, हा सगळ्यात बोलका पुरावा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, टाचा आणि खुब्याची बाजू रोज पाहावी लागते. पहिल्या पायरीवर फक्त लाली असते आणि दाबली तरी ती फिकी पडत नाही. चौथ्या पायरीला स्नायू किंवा हाड दिसतं. चौथ्या पायरीची जखम असताना वहीत "त्वचा ठीक" लिहिलेलं असेल, तर ती वहीच त्यांच्यावर उलटते. मात्र दर जखम दुर्लक्षानेच होते असंही नाही. मधुमेह, कुपोषण, रक्तपुरवठा कमी असणं याने काळजी घेऊनही जखम होते. म्हणून कूस बदलल्याचा तक्ता, महिन्याचं वजन, खाण्यापिण्याची नोंद आणि रात्रपाळीला किती माणसं होती, हे एकत्र मागतो. "कोणत्याही इजेस संस्था जबाबदार नाही" ही ओळ प्रवेश फॉर्मवर बहुतेक ठिकाणी असते. तिने निष्काळजीपणा माफ होत नाही.

मृत्यूच्या प्रकरणात सगळ्यात जास्त नुकसान शवविच्छेदन न केल्याने होतं. कारणच वादात असेल आणि अंत्यविधी उरकलेला असेल, तर पुढे सगळं अंदाजावर येतं. अशा वेळी घरच्यांना "शवविच्छेदन करून घ्या" हे सांगणं जड जातं, पण फोन आला तर आम्ही तेच आधी सांगतो.

तक्रार दाखल झाल्यावर सामनेवाल्यांना म्हणणं द्यायला 30 दिवस, वाढवून आणखी 15. त्यापलीकडे मुदत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेच 2020 मध्ये ठरवलं. पुरावा शपथपत्रावर होतो आणि उलटतपासाऐवजी बहुधा लेखी प्रश्नावली दिली जाते. प्रश्न मोघम असले की उत्तरंही मोघमच येतात. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून पक्षकार विचारतात, अपील या बेंचपुढेच का? नाही. जिल्हा आयोगाच्या निकालावरचं अपील राज्य आयोगाकडे, 45 दिवसांत. आणि हरलेल्या रुग्णालयाला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. गुन्हा रद्द करण्याच्या याचिका मात्र बेंचपुढे येतात.

फी कामाप्रमाणे आधी ठरते. भरपाईत टक्केवारी बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, ती आम्ही घेत नाही. पहिल्या भेटीला मूळ कागद घरी ठेवून झेरॉक्स आणा. जखमेचे किंवा वॉर्डचे फोटो ज्या फोनवर काढले तो फोन बदलू नका, विकू नका, फोटो डिलीट करू नका. व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या फोटोत मूळ तारीख-वेळ सहसा राहत नाही, आणि आयोगात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडायला मूळ फाईलच हाताशी लागते.