तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडचं बायो सोपं असतं का?

सांगलीहून फोन आला की, किंवा इथे इंग्लंडात मंडळाच्या गणपतीत ताटं वाढताना, हा प्रश्न ठरलेला: "तिकडचं बारावीचं बायो सोपं असतं ना हो? तीनच तर विषय!" मी "वेगळं असतं" म्हणून वेळ मारून नेते आणि वाटीत आमटी वाढते. पण इतक्या जणींनी विचारलंय की एकदा बैजवार सांगूनच टाकते.

आधी एक खुलासा. मी इथे शिकवत नाही. इंग्लंडातल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात मी लॅब टेक्निशियन आहे. द्रावणं करायची, मायक्रोस्कोप पुसायचे, खाटकाकडून हृदयं आणून फ्रीजमध्ये ठेवायची, ही माझी कामं. सिक्स्थ फॉर्म म्हणजे सोळा ते अठरा, आपली अकरावी-बारावी. बहुतेक मुलं तीनच विषय घेतात, हे खरं. भाषासुद्धा सक्तीची नाही. पण दोन वर्षांचा अभ्यास शेवटच्या उन्हाळ्यात एकदम अंगावर येतो. आमच्या बोर्डाचे, एक्यूएचे, बायोचे तीन पेपर असतात, प्रत्येकी दोन तासांचे.

आता माझी फजिती सांगते, कारण उत्तर तिच्यातच आहे.

पहिल्याच वर्षी बीटचा प्रयोग होता. बीटच्या सारख्या आकाराच्या चकत्या कापायच्या, कापताना सुटलेला रंग धुऊन टाकायचा, मग वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात ठेवायच्या. पाणी जितकं गरम तितकं पेशीपटल खिळखिळं होतं आणि आतला लाल रंग बाहेर झिरपतो. तो किती झिरपला ते कलरिमीटरवर मोजायचं. मी आदल्या संध्याकाळी सुपरमार्केटमधून छान सोललेलं, पाकीटबंद बीट आणलं. ते शिजवलेलं असतं हे माझ्या गावीही नव्हतं. आपल्याकडे कोण शिजवलेलं बीट विकतं? झालं, सकाळी वीस डिग्रीची नळी लाल, ऐंशीची लाल, धुण्याचं पाणीही लाल. मी कपाळाला हात लावला.

बाईंनी मात्र नळ्या ओतू दिल्या नाहीत. मुलांना म्हणाल्या, सगळ्या सारख्या का, ते लिहा. एकीने लिहिलं, "उष्णतेने पटल आधीच मेलं होतं." गुण शून्य. पटल मरत नाही. त्यातली प्रथिनं डीनेचर होतात, म्हणजे त्यांची घडी मोडते, मग पटलाला भोकं पडतात आणि रंग विसरणाने, म्हणजे दाट बाजूकडून विरळ बाजूकडे पसरत, बाहेर येतो. एवढं सगळं लिहिलं तर गुण.

इथल्या बायोचा जाच हा असा आहे. मार्क स्कीम म्हणून एक कागद असतो, त्यात कुठलं उत्तर स्वीकारायचं, कुठलं दुर्लक्षित करायचं आणि कुठलं नाकारायचं ते लिहिलेलं असतं. श्वसनात ऊर्जा "तयार होते" लिहिलं की गेला गुण, कारण ऊर्जा तयार होत नसते. ग्लुकोजचं "प्रमाण" असं मोघम लिहून चालत नाही. संहती (द्रावण किती दाट) की वस्तुमान, ते सांगायचं. मराठीत आपण सगळ्याला प्रमाणच म्हणतो, त्यामुळे आपल्या घरातली पोरं इथे हमखास ठेचकाळतात.

माझी भाची तिकडे भारतात नीटची तयारी करतेय. १८० प्रश्न, त्यातले ९० बायोचे, वेळ १८० मिनिटं. तिला पाठ्यपुस्तकातली ओळ कुठल्या पानावर, वरती की खाली, हेही आठवतं. मला तिचं खरंच कौतुक आहे, इथल्या एकाही पोराला तेवढं पाठ नसेल. पण तिला चारातून एक गोल काळा करायचाय आणि इथे पर्याय देणारे प्रश्न मोजकेच. एवढंच कशाला, तिसऱ्या पेपरात २५ गुणांचा निबंध असतो. दोन विषयांतला एक निवडायचा आणि दोन वर्षांत शिकलेलं सगळं खणून त्यात जोडायचं. भाची म्हणाली, "मावशी, बायोत निबंध? मराठीच्या पेपरात सुटत नाही आणि इथेपण?"

आणि गणित. आमच्या वेळी पीसीबी ग्रुप घेतला की गणिताला रामराम. इथे किमान १० टक्के गुण गणिती कौशल्यांचे असतात, काय-स्क्वेअर आणि टी-टेस्ट या संख्याशास्त्रातल्या चाचण्या, लॉग स्केल. गणित नको म्हणून बायो घेऊ पाहणाऱ्या मुलांच्या आयांनो, हे आधीच ऐकून ठेवा.

प्रॅक्टिकलचं उलटं आहे. बारा प्रयोग सक्तीचे, पण त्यांना वेगळे गुण नाहीत, फक्त "पास" असा शेरा. व्हायवा नाही, स्पॉटिंग नाही, जर्नल सर्टिफाय करून घ्यायला सरांच्या मागे धावणं नाही. हे ऐकून मला आधी हायसं वाटलं, मग थोडं वाईट. आम्ही जास्वंदीचं फूल उभं कापून पुष्पसूत्र लिहायचो, कुळं ओळखायचो. रटाळ होतं, पण त्यामुळे रस्त्याने जाताना मी अजून कुंपणाकडे बघते.

गेल्या मे महिन्यात मैदानावर अर्ध्या मीटरच्या चौकटी टाकून झाडं मोजायचा प्रयोग होता. यादृच्छिक आकडे घ्यायचे, चौकट ठेवायची, आत काय किती ते लिहायचं. त्यावरून जैवविविधतेचा निर्देशांक काढायचा. त्या सूत्राला प्रत्येक जातीची संख्या लागते, नाव लागत नाही. एका मुलाने एक रुंद पानाचं रोप दाखवून विचारलं, "मिस, हे काय?"

"प्लॅन्टेन."

"केळं?"

इंग्रजीत दोघांना एकच शब्द, त्याचं काय चुकलं? मी पान तोडून हळूच ओढलं. शिरांचे दोरे लोंबायला लागले. म्हटलं, माझ्या गावाकडे पोट साफ व्हायला इसबगोल घेतात ना, त्याचंच हे भावंड. पोरं खो खो हसली. तो मात्र ते दोरे निरखत राहिला, आणि मग बाईंना ओरडून विचारलं, नाव लिहू का? लांबून उत्तर आलं, लिहिलंस तरी चालेल, गुण नाही.

त्याने तक्त्यात लिहिलं: जाती सी, १४.