भिंतीच्या कडेमागे जाणारी रोहिणी

आकाश पाहायचे तर शहरापासून दूर, अंधाऱ्या जागी जावे असे सगळेच सांगतात, आणि ते खरेही आहे. तरीही गेली काही वर्षे मी घराच्या पश्चिमेकडील गॅलरीतूनच आकाश पाहते आणि टिपते, कारण एकाच जागेवरून वर्षभर पाहताना जे हाती लागते, ते एका रात्रीच्या सहलीत लागत नाही.

माझ्या गॅलरीसमोर एक उंच झाड आहे आणि उजवीकडे शेजारच्या इमारतीची सरळ उभी भिंत. ही भिंत मला पूर्वी अडथळा वाटे. एका मार्चमध्ये रोहिणीचा तारा तिच्या कडेमागे दिसेनासा होताना पाहिला आणि सहज वेळ लिहून ठेवली: रात्रीचे ९ वाजून १२ मिनिटे. दुसऱ्या रात्री तिपाई खडूच्या त्याच खुणांवर ठेवली, तर तारा ९ वाजून ८ मिनिटांनीच लुप्त झाला. पहिल्या नोंदीनंतर आठ दिवसांनी ही वेळ ८ वाजून ४० मिनिटांवर आली होती. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वी स्वतःभोवतीची फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण करते. मात्र तेवढ्या वेळात ती सूर्याभोवतीच्या कक्षेत जवळजवळ एक अंश पुढे गेलेली असल्याने सूर्य पुन्हा त्याच दिशेला यायला आणखी सुमारे चार मिनिटे लागतात, आणि आपली घड्याळे सूर्याप्रमाणे चालतात. हे मी शाळेत शिकले होते, पण ते स्वतः मोजल्यावरचा आनंद वेगळाच होता. तेव्हापासून ती भिंत मला वेधशाळेतल्या उपकरणासारखी प्रिय आहे.

छायाचित्रांसाठी साधा कॅमेरा, २४ मिलिमीटरची लेन्स आणि भक्कम तिपाई पुरते. तारे तासाला १५ अंश सरकतात, म्हणून शटर फार वेळ उघडे ठेवले तर ठिपक्यांच्या रेघा होतात. माझ्या लेन्सला १५ सेकंदांपर्यंत ते ठिपकेच राहतात. फोकस आपोआप होऊ देऊ नये. एखादा तेजस्वी तारा पडद्यावर मोठा करून, तो सर्वांत बारीक दिसेपर्यंत हाताने जुळवावा, आणि बटण दाबल्याचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. घरातले दिवे मालवून निदान वीस मिनिटे थांबावे. डोळे अंधाराला सरावले की त्याच आकाशात कितीतरी अधिक तारे दिसू लागतात. (या वीस मिनिटांत झाडावरून वटवाघळांची ये-जा चालते, आणि पानगळ झाली असेल तर फांद्यांमधून कृत्तिकांचा पुंजका दिसतो. थांबणे मुळीच जड जात नाही.)

चंद्राचे गणित उलट आहे. त्याच्यावर ऊन पडलेले असते, त्यामुळे त्याचे छायाचित्र रात्रीचे नव्हे, दिवसाचे समजून घ्यावे लागते: आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १००, लेन्सचे छिद्र एफ ११, शटर सेकंदाचा शंभरावा भाग. पौर्णिमेचा चंद्र सुंदर असला तरी छायाचित्रात सपाट येतो. अष्टमीच्या सुमारास उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या कडांच्या लांब सावल्या पडतात. मला तोच चंद्र अधिक आवडतो.

एकाच चौकटीची छायाचित्रे वर्षानुवर्षे जपण्याचे मोल मला फेब्रुवारी २०२० मध्ये कळले. मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी तारा २०१९ च्या अखेरीपासून मंदावत असल्याच्या बातम्या येत होत्या. रात्री मृग आणि रोहिणी एकत्र येतील अशी चौकट धरली आणि वर्षापूर्वीचे, त्याच जागेवरून त्याच मापांनी घेतलेले छायाचित्र शेजारी ठेवले. जुन्या चित्रात काक्षी रोहिणीपेक्षा स्पष्टपणे तेजस्वी होता. नव्या चित्रात तो तिच्याहून फिका होता. त्या ताऱ्याने बाहेर फेकलेल्या द्रव्यातून बनलेली धूळ आड आल्याने असे घडले, असे संशोधकांनी पुढे दाखवून दिले. त्या वसंतात तो पुन्हा उजळला. ती दोन्ही चित्रे मी छापून घेतली असून ती गॅलरीच्या दाराशेजारी लावली आहेत.