माझा अनुभव: डोसच्या दुसऱ्या पायरीवर

स्तनाचं ऑपरेशन झालं, लाल रंगाची केमो झाली, मग टॅक्सॉल नावाची दुसरी केमो झाली. तीन वर्षं बरी गेली आणि मग यकृतावर गाठी दिसल्या. तेव्हा डॉक्टरांनी मुंबईत चाललेल्या औषधांच्या एका चाचणीत भाग घ्यायचं सुचवलं. कॅन्सरची औषधं दोन्ही जुनीच, कॅपेसिटाबिन आणि व्हिनोरेल्बिन, दोन्ही तोंडाने घ्यायची. एकत्र दिली तर अंगाला किती सोसतात, ते बघायचं होतं.

संमतीचे कागद मराठीत होते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत रात्री मी ते ह्यांच्याकडून दोनदा वाचून घेतले. ‘तुम्हाला फायदा होईलच असं नाही’ हे वाक्य दुसऱ्या वेळी ह्यांनी गाळलं. मी म्हटलं, तेही वाचा.

चाचणीची रीत अशी: पहिल्या पायरीवर तिघी, डोस कमी. पहिल्या सायकलमध्ये, म्हणजे औषधाच्या तीन आठवड्यांच्या फेरीत, कुणालाच गंभीर त्रास झाला नाही तर पुढच्या तिघींना वरची पायरी. एकीला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघी. दोघींना झाला तर वर जायचं नाही. मी दुसऱ्या पायरीवरची तिसरी.

उंची-वजनावरून अंगाचं क्षेत्रफळ काढलं, दीड चौरस मीटर. त्या हिशेबाने कॅपेसिटाबिनच्या ५०० मिलीग्रॅमच्या तीन गोळ्या सकाळी, तीन रात्री, जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत. असे १४ दिवस, मग ७ दिवस सुट्टी. व्हिनोरेल्बिनच्या कॅप्सूल पहिल्या आणि आठव्या दिवशी, न चावता. रिकामी पाकिटं परत द्यायची आणि होणारा त्रास रोज वहीत लिहायचा.

पहिल्या सायकलनंतर रक्तातले न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ११०० आले. १५०० लागतात, म्हणून आठवडाभर थांबवलं. दुसऱ्या सायकलमध्ये तळहात लाल झाले, चुरचुरायला लागले, मग सालं निघाली. भाकरी थापायला बसले तर पिठाला रक्त लागलं. गावी रेशन दुकानात मशीन अंगठा घेईना, बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. वहीत मात्र मी रोज ‘ठीक’ लिहीत होते. डोस कमी करतील आणि रोग उसळेल, हीच धास्ती.

सिस्टरांनी माझे हात उलटे करून पाहिले आणि वही पुढे ठेवली. “ताई, तुम्ही ठीक लिहिलंत तर पुढच्या बाईला याहून जास्त देतील.” तिथेच बाकावर बसून मी मागच्या नऊ दिवसांचं खरं लिहून काढलं. पेन धरवत नव्हतं. गोळ्या बंद केल्या, भेगा भरल्यावर वेळेला दोन मोठ्या आणि एक १५० ची, असा डोस सुरू झाला.

चौथ्या सायकलनंतरच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी होत्या तेवढ्याच होत्या. वाढल्या नाहीत, हे ऐकून ह्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

तिसऱ्या पायरीवरच्या दोघींना काउंट पडून, म्हणजे पांढऱ्या पेशी कमी होऊन, ताप आला. ती पायरी बंद केली आणि आमच्याच डोसवर आणखी बायका घेतल्या. त्या दोघींतली एक धर्मशाळेत आमच्या शेजारी होती. ती आता हिंडती-फिरती आहे. तळहाताला युरियाचं मलम कसं लावायचं, ते मी तिला दाखवलं.